चारशे फुटांवरचं कालपरवाचं पाणी

जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात पाण्याची चौकशी फुटांत होते. किती फुटाला लागलं, मोटार कुठे सोडली, यंदा किती पाईप वाढवले. पाणी कधीचं आहे, असं कुणी विचारत नाही; केळीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. पीएच.डी.साठी मी नेमका तोच प्रश्न घेऊन माहेरच्या तालुक्यात आले, तेव्हा नानांनी, म्हणजे वडिलांच्या चुलतभावांनी, बाजेवरून न उठताच विचारलं, “पानी किती जुनं आहे हे कळून काय करशीन? किती दिवस पुरीन ते सांग ना बाई.”

नाना चुकीचं बोलत नव्हते. पण दोन्ही प्रश्नांची गाठ एकच आहे. ट्यूबवेलमधून येणारं पाणी दरसालच्या पावसानं भरून निघत असेल तर हिशेब वेगळा, आणि आपल्या खापरपणजोबांच्याही आधी मुरलेलं पाणी उपसत असू तर वेगळा. नुसती पातळी मोजून यातलं खरं काय ते समजत नाही. उपसा जास्त असला की पातळी दोन्हीकडे खालीच जाते. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनांत रावेर आणि यावलची नावं अतिशोषित (मुरतं त्याहून जास्त उपसा असलेले तालुके) म्हणून येत आली आहेत, म्हणजे पातळीबद्दल आता नवं सांगण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

आमची जमीन बाकीच्या खान्देशासारखी नाही. पारोळा-चाळीसगावकडे विहीर खणली की काळा पाषाण लागतो आणि पाणी त्याच्या फटींत असतं. आमच्याकडे उत्तरेला सातपुडा एकाएकी संपतो, कारण पायथ्याशी जमिनीत जुना भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची जागा, आहे. त्या पायथ्याला डोंगरातल्या नद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांचा, रेतीचा पट्टा आहे. भूशास्त्रात त्याला बजाडा म्हणतात. त्याच्या खाली तापीपर्यंत गाळ. चिकण मातीचा थर, मग रेती, परत चिकण माती, असं शेकडो फूट. सुकी, मोर या नद्या डोंगर उतरल्या की पायथ्याच्या गोट्यांत मुरतात आणि पावसाळा सरला की पुढचं पात्र कोरडं पडतं. ते मुरलेलं पाणी कुठे जातं, किती वेगानं जातं आणि सोबत काय नेतं, एवढाच माझा विषय. पाणी फार खोल जाऊन परत वर येतं यावर ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांनी अडावदजवळच्या उनपदेवाच्या कुंडात हात घालून बघावा.

पाण्याचं वय काढायला त्यातच एक घड्याळ असतं. पाण्यातला हायड्रोजन बहुतेक साधा असतो, पण त्यातले अगदी थोडे अणू ट्रिटियमचे असतात. ट्रिटियम किरणोत्सारी आहे, दर १२.३ वर्षांनी ते निम्मं होतं. निसर्गात ते वातावरणाच्या वरच्या थरांत सतत तयार होतं आणि पावसाबरोबर खाली येतं. १९५०च्या दशकात आणि १९६०च्या सुरुवातीला महासत्तांनी हवेत हायड्रोजन बॉम्बच्या इतक्या चाचण्या केल्या की उत्तर गोलार्धातल्या पावसात ट्रिटियम अनेक पटींनी वाढलं. १९६३ हे त्याच्या शिखराचं वर्ष. तेव्हापासून पाच अर्धायुष्यं उलटली, म्हणजे त्या वेळचं ट्रिटियम आता बत्तिसाव्या हिश्शावर आलंय. आज विहिरीच्या पाण्यात ट्रिटियम सापडलं तर त्यात गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या पावसाचा वाटा आहे. सापडलंच नाही, तर पाणी त्याहून जुनं. किती जुनं ते सांगायला ट्रिटियम अपुरं पडतं. तिथून पुढे कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन, ज्याचं अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा काळ) ५७३० वर्षं.

नानांना हे मी शेतात बसून सांगितलं. बॉम्बचं ऐकून त्यांना जरा रस वाटला. पण लगेच पुढचा प्रश्न आला: “मंग मीटर बसवनार का मोटारीले?”

ही भीती सगळीकडेच भेटली. २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल ती खोल विहीर, आणि आमच्या भागात त्याहून उथळ ट्यूबवेल शोधावी लागते. त्यामुळे हातात वही, गळ्यात ओळखपत्र आणि खांद्यावर पाण्याची पातळी मोजायच्या टेपचं रीळ असलेली बाई दिसली की लोक आधी आपली मोटार कुठल्या नावावर आहे ते आठवतात. कॉलेजचं पत्र दाखवून काही होत नव्हतं. “अमक्याची पोरगी” एवढं सांगितलं की चहा यायचा.

कामाचं वेळापत्रक माझ्या हातात नव्हतंच, ते लाईटच्या हातात होतं. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पातळी मोजायची तर मोटारी तासन्‌तास बंद हव्यात, नाहीतर आपण मोजतो तो उपशामुळे पडलेला खड्डा, खरी पातळी नव्हे. पाणी भरायचं तर उलट: मोटार भरपूर चाललेली हवी, म्हणजे पाईपात साचलेलं शिळं पाणी निघून जाऊन थरातलं ताजं येतं. म्हणून दिवसाची लाईट असली की बाटल्या, रात्रीची असली की टेप. शेजारची मोटार चालू असेल तर तीही बंद करायला लावायची, आणि शेजारी जर बांधावरून भांडलेला असेल तर ते काम नानांच्या भरवशावर.

टेपच्या टोकाला एक दांडी असते. ती पाण्याला टेकली की वर रिळात बीप वाजतो. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात केसिंगच्या, म्हणजे ट्यूबवेलच्या बाहेरच्या पाईपाच्या, तोंडावर क्लॅम्प बसवलेला, एका कोपऱ्यात बोटभर फट, आत कॉलम पाईप आणि त्याला गुंडाळलेली केबल. दांडी दीडशे-दोनशे फुटांवर केबलमध्ये अडकायची. जोरात ओढलं तर टेप तुटतो किंवा केबल सोलते, आणि मोटार वर काढायचा खर्च कुणी द्यायचा हा प्रश्न उभा राहतो. एका ट्यूबवेलवर दांडी अडकल्यावर मालक काही न बोलता शेजारी येऊन बसले, बिडी पेटवली, आणि टेप हळूहळू सैल-ताण, सैल-ताण करत कसा सोडवायचा ते त्यांनीच शिकवलं. ते आधी मोटार दुरुस्तीचं काम करायचे.

पाणी भरायची जागा हाही एक विषय आहे. केळीच्या बागेत ठिबकला व्हेंच्युरी जोडलेली असते, त्यातून युरिया आणि पोटॅश सुटतं. तिच्यापुढच्या नळीतून बाटली भरली तर आपण खताच्या टाकीचं पृथक्करण करतो. म्हणून डिलिव्हरी पाईपला फिल्टरच्या आधी असलेली तोटी. तिथे बादलीत मीटर बुडवून तापमान, सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता बघत बसायचं. आकडे स्थिर झाले की मगच बाटल्या.

बाटल्या प्रत्येक कामाच्या वेगळ्या. ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम या जड समस्थानिकांसाठी, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जड अणूंसाठी, साठ मिलीची छोटी बाटली, पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, बुडबुडा राहता कामा नये. आत हवा राहिली की थोडं बाष्पीभवन होतं आणि हलक्या अणूंचं पाणी आधी निसटतं. धातूंसाठीचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब. नायट्रेटच्या बाटलीला बर्फ हवा, नाहीतर पाण्यातले जिवाणू ते खाऊन टाकतात. मे महिन्यात भुसावळ ४५ अंशांवर असताना बर्फ टिकवणं हे या संशोधनातलं सगळ्यात कष्टाचं काम होतं, प्रबंधात ते एका ओळीत संपलं. ट्रिटियमची बाटली एक लिटरची, आणि ती भरताना अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ हाताला चालत नाही, कारण त्या रंगात ट्रिटियम असू शकतं. नानांनी हे ऐकलं आणि आपलं जुनं घड्याळ काढून लांब धुऱ्यावर ठेवून आले. ते चमकणारं नव्हतं, पण मी काही बोलले नाही.

पावसाचं पाणीही लागतं, कारण जमिनीतल्या पाण्याची तुलना कशाशी करणार? सातपुड्यातल्या एका पाड्यावर शाळेच्या छपरावर आम्ही पाऊस साठवायचा डबा बसवला: नरसाळं, त्याखाली नळी, आणि नरसाळ्यात टेबल-टेनिसचा एक चेंडू. पाऊस आला की चेंडू तरंगतो, पाणी आत जातं; थांबला की चेंडू तोंडावर बसतो आणि आतलं पाणी उडून जात नाही. तो चेंडू पोरांनी किती वेळा पळवला याची नोंद मी ठेवली नाही. शेवटी तिथल्या एका तडवी भाऊंनी त्याची जबाबदारी घेतली आणि दर महिन्याची बाटली त्यांनी न चुकता तारीख घालून भरून ठेवली.

या जड समस्थानिकांचा उपयोग पाण्याचं गाव ओळखायला होतो. हार्मन क्रेग या भूरसायनशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये दाखवलं की जगभरच्या पावसात ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ एका सरळ रेषेवर बसतात. धरणात, तलावात साठून तापलेलं पाणी त्या रेषेपासून बाजूला सरकतं. उंचावर पडलेला पाऊस खालच्या पावसापेक्षा किंचित हलका असतो, म्हणजे त्यात जड समस्थानिकं कमी असतात. त्यामुळे एखाद्या ट्यूबवेलचं पाणी डोंगरातल्या पावसाचं, शेतातच मुरलेल्या पावसाचं, की धरण-कालव्याचं, याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, खात्री नाही. डोंगर आणि शेत यांच्या उंचीत फरक मर्यादित आहे आणि पावसाळ्यातल्या एका झोडपणाऱ्या पावसानंही आकडा हलतो.

कार्बन-१४चं काम मी मोजक्याच ट्यूबवेलवर केलं, कारण ते महाग. पूर्वी यासाठी शंभर-शंभर लिटर पाणी ड्रममध्ये घेऊन बेरियम क्लोराइडनं साका खाली बसवावा लागायचा. आता दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रासारख्या ठिकाणी जी यंत्रं आहेत, त्यांना कार्बनचा चिमूटभर अंश पुरतो. पण आमच्या गाळात चुनखडीचे खडे आहेत, आणि घोळ तिथे होतो. चुनखडीतला कार्बन इतका जुना की त्यात कार्बन-१४ शिल्लक नाही. पाणी त्यातून झिरपताना तो विरघळून पाण्यात येतो, आणि दुधात पाणी घातल्यासारखा मूळचा कार्बन पातळ करतो. अर्धा कार्बन चुनखडीतून आला असेल तर कालचं पाणीही ५७३० वर्षांचं दिसेल. म्हणून कार्बनचा आकडा हातात आला तरी तो जसाच्या तसा कुणाला सांगायचा नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलंय. वर्तमानपत्रवाल्यांना तर नाहीच.

ट्रिटियमचे आकडे यायलाही वेळ लागतो. पाणी आधी ऊर्ध्वपातित करायचं, मग विजेनं आटवत आटवत नेऊन त्यातलं ट्रिटियम दाट करायचं, मग मोजणी. आले तेव्हा बरंचसं अपेक्षेप्रमाणे होतं. पायथ्याच्या गोट्यांच्या पट्ट्यात ट्रिटियम सगळीकडे, म्हणजे तिथे पाणी आजही मुरतंय. तापीच्या बाजूला खोल ट्यूबवेलमध्ये जवळजवळ नाही. तिथलं पाणी साठ-सत्तर वर्षांपेक्षा जुनं, आणि आपण ते भरण्याच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त वेगानं काढतोय. एवढ्यावर प्रबंधाचं एक प्रकरण झालं असतं.

नानांची ट्यूबवेल मात्र कशात बसेना. खोली चारशे फुटांच्या आसपास, जागा तापीच्या बाजूची, आणि पाण्यात ट्रिटियमही आणि नायट्रेटही. नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. नानांचं त्याच्या वर. पलीकडच्या शेतातली तितकीच खोल ट्यूबवेल स्वच्छ. पंचवीस-तीस घरं नानांच्या ट्यूबवेलचं पाणी प्यायला नेतात, कारण “खोलचं आहे, गोड आहे.” नायट्रेटला ना चव ना वास, आणि उकळल्यानं ते जात नाही, उलट दाट होतं. सगळ्यात जास्त धोका बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकदच घटते.

नायट्रेट आलं कुठून? नेहमीची युक्ती अशी, की नायट्रेटबरोबर क्लोराइडही वाढलेलं असलं तर संशय सांडपाण्यावर. केळीच्या मुलखात ती चालत नाही. केळीला पोटॅश भरपूर लागतं, आणि आपण देतो ते म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. शेतातूनही नायट्रेट आणि क्लोराइड जोडीनं उतरतात. म्हणून नायट्रोजन-१५, म्हणजे जड नायट्रोजन, मोजावं लागलं. हवेतल्या नायट्रोजनच्या तुलनेत युरियातल्या नायट्रोजनचा आकडा शून्याच्या आसपास, शेणाचा आणि संडासाचा बराच वर. गावठाणातल्या जुन्या विहिरींचा आकडा वर गेला, तिथे शोषखड्डे कारणीभूत. नानांचा शून्याच्या जवळ. म्हणजे शेतातलाच युरिया. पण चिकण मातीचे थर ओलांडून चारशे फुटांवर तो इतक्या लवकर पोचलाच कसा?

उत्तर मिळालं बोअरवाल्याच्या डायरीत. आमच्याकडे रोटरी मशीननं ट्यूबवेल घेतात, आणि जुने मिस्त्री प्रत्येक खोलीला काय लागलं ते लिहून ठेवतात. तेलकट बोटांचे डाग पडलेली ती वही मी अर्धा दिवस चाळली. ‘पिवळी’, ‘चिकट’, ‘बारीक रेती’, ‘गोटा’, आणि पुढे फूट. नानांच्या ट्यूबवेलला रेतीच्या प्रत्येक थरासमोर जाळीचा पाईप बसवलेला होता, वरच्यासुद्धा. पाणी जास्त मिळावं म्हणून सगळेच तसं करतात. मधल्या मातीच्या थरांनी वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं ठेवलं होतं. आपण त्यातून आरपार भोक पाडून प्रत्येक मजल्यावर दार ठेवलं.

तरी शेजाऱ्याची ट्यूबवेलही तशीच असून स्वच्छ होती. मग डायरीतच आणखी एक नोंद दिसली: नानांच्या बांधापलीकडे, त्यांच्या धाकट्या भावाच्या हिश्शात, जुनी बोअर, ‘फेल’. नानांना विचारलं तर ते विषय टाळायला लागले. दोघा भावांचं वाटणीपासून बोलणं नाही. मी काकूंना धरून पलीकडे गेले. बोअर उघडी होती, तोंडावर फरशीचा तुकडा, आणि शेतातली चारी वळवून थेट तिच्यात सोडलेली. पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ‘बोअर रिचार्ज’ केलं होतं. फरशी सरकवून कान लावला तर आत पाणी पडत असल्याचा आवाज येत होता, तोही मार्चमध्ये, कोरड्या दिवसांत. खालचे थर उपसून उपसून त्यांचा दाब इतका कमी झालाय की वरच्या रेतीतलं उथळ पाणी बोअरच्या आतून खाली पडतं, बारा महिने.

पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे किती वेगानं जातं, हे दार्सी या अभियंत्यानं १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजों शहराच्या नळांसाठी वाळूतून पाणी सोडून मांडलं. चिकण मातीतून याच नियमानं पाणी वर्षाला इंच-दोन इंच सरकतं. उघड्या बोअरमधून त्याला काही मिनिटं पुरतात.

निष्कर्ष गावात सांगायचे हे मी आधीच ठरवलं होतं. मंदिराच्या ओट्यावर लोक जमले आणि एका तरुण शेतकऱ्यानं नेमकं बोट ठेवलं: “ताई, एकीकडे सांगतात बोअर रिचार्ज करा, तुम्ही म्हनता बंद करा. आमी ऐकाचं कोनाचं?” मी सांगितलं ते असं. छपराचं पाणी, गाळणखड्ड्यातून, चालेल. खत-फवारणी झालेल्या शेतातलं पाणी थेट बोअरमध्ये सोडणं म्हणजे गावाच्या पिण्याच्या पाण्यात युरिया ओतणं. मुरवायचं तर पायथ्याला, नाल्याच्या रेतीत, सावकाश. शिरपूरकडे नाले खोल करून पाणी मुरवलं गेलं, त्याचा गाभा तोच आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला, तिचाही भर या पायथ्याच्या पट्ट्यावरच आहे. ती कधी आणि किती उतरेल ते उतरो, पण तापीचं पाणी आत जाण्याआधी या पट्ट्यातल्या पाण्याची समस्थानिकं मोजून ठेवायला हवीत. नंतर मोजली तर नवीन कुठलं आणि आपलं कुठलं हे कळणार नाही.

पिण्याचं पाणी आता शेजाऱ्याच्या स्वच्छ ट्यूबवेलवरून न्यायचं, असं त्या बैठकीत ठरलं. धाकट्या काकांनी चारी दुसरीकडे वळवली, पण बोअर खालपासून चिकण माती आणि सिमेंटनं बुजवायचा खर्च कुणी करायचा यावर दोन्ही भाऊ अडून आहेत. नानांचं म्हणणं, बोअर त्याची. काकांचं म्हणणं, पाणी ह्यांचं खराब होतंय. तोंडावर सध्या वेल्डिंग करून लोखंडी झाकण बसवलंय, त्यानं वरून काही जाणार नाही, पण आतली सरमिसळ चालूच राहील. खाली उतरलेलं नायट्रेट लगेच कमी होईल अशी माझी अपेक्षाही नाही. नोव्हेंबरमध्ये पुन्हा बाटल्या भरायच्या आहेत आणि कार्बनचे आकडे अजून यायचे आहेत.